अकरा मिनिटं चाळीस सेकंद

पप्पांची नक्कल मी सातवीपासून करते. सोपी आहे. डावा हात कमरेवर, उजव्या हाताची तीन बोटं खडू धरल्यासारखी, मान जराशी तिरकी आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर का चूक?" उत्तर कुणी द्यायचं नसतं. ते स्वतःच "बरोबर" म्हणतात आणि पुढं जातात. घरातली कोथिंबीर संपली तरी तेच. "कोथिंबीर संपली आहे, बरोबर का चूक? बरोबर. मग मी निघतो." मामाच्या गावी मला पोरं हाताला धरून ओट्यावर उभी करायची आणि म्हणायची, नंदे, शिनगारे सर कर. मी करायची. एकदा पप्पा मागं येऊन उभे होते हे मला कळलंच नाही. सगळ्यांच्या शेवटी टाळ्या त्यांच्याच थांबल्या.

तर हे सुग्रीव शिनगारे सर. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, सोळा वर्षं झाली, तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे तास चालू आहे तोवर सर, घंटा झाली की नुसते शिनगारे. दर जूनमध्ये नवीन अर्ज, नवीन मुलाखत, आणि समोर बसलेल्यांत त्यांचाच एखादा जुना विद्यार्थी. तो विचारतो, "सर, आपला अनुभव किती?" पप्पा गंभीरपणे सांगतात. ही मुलाखतसुद्धा मी करून दाखवायची, दोन्ही आवाजांत.

पीएच.डी. झाली की नोकरी पक्की होईल असं आईला वाटायचं. पप्पांना तसं वाटत होतं का, मला माहीत नाही. त्यांना फक्त ते काम आवडायचं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांनी नोंदणी केली आणि सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू त्यांच्या कागदांनी अडवलेली होती.

काम काय, ते मी त्यांच्याच आवाजात शंभरदा सांगितलंय, आता माझ्या सांगते. पाण्यातलं, मातीतलं कीडनाशक औषध ओळखायला एक मशीन असतं. त्यात केसासारखी बारीक, तीस मीटर लांब नळी गुंडाळून ठेवलेली असते. एका टोकाला थेंब टाकायचा, तो तापून वाफ होतो आणि दुसऱ्या टोकाला त्यातले पदार्थ एकेक करून बाहेर पडतात. कोण किती मिनिटांनी बाहेर पडला, त्यावरून तो कोण हे कळतं. पप्पा म्हणायचे, समजा आपल्या युसूफ वडगावचा आठवडी बाजार. एका टोकाला सगळी माणसं एकदम आत सोडली. ज्याला कुणाशी देणंघेणं नाही तो सरळ चालत पलीकडं निघतो. जो प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतो तो उशिरा. रेणूत क्लोरीनचे अणू जितके जास्त तितका रेंगाळणारा, बरोबर का चूक? बरोबर. पण सहा क्लोरीनचे चार सख्खे भाऊ असतात, वजन एकच, तरी ते वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. कारण कोणता क्लोरीन वर तोंड करून बसलाय आणि कोणता खाली, यावर कुणाशी किती जवळीक होणार ते ठरतं.

त्यांच्या कॉलेजात ते मशीन नव्हतं. म्हणून त्यांनी उलटं केलं. रेणूचं नुसतं चित्र बघायचं, क्लोरीन किती, कुठं, शेजारी कोण, आकार केवढा, हे आकड्यांत मांडायचं आणि तो किती मिनिटांनी बाहेर येईल ते मशीनच्या आधीच सांगायचं. साठेक पदार्थांच्या वेळा जगभरातल्या लोकांनी मोजून छापल्या होत्या. त्यावर त्यांनी समीकरण बसवलं. स्टाफरूममध्ये त्यांना ज्योतिषी म्हणायचे. "काय ज्योतिषी, आमच्या बदलीचा योग कितव्या मिनिटाला?" पप्पा हसायचे. मी हे ऐकून घरी आले आणि त्याचीही नक्कल केली. आई तेव्हा पोळी लाटत होती, ती हसली नाही.

डिसेंबरात विद्यापीठाच्या समितीनं त्यांना सरळ सांगितलं. छापलेल्या आकड्यांवर गणित कुणीही बसवेल. तुमच्या यादीत नसलेला एक रेणू घ्या, आधी वेळ लिहून बंद पाकिटात आमच्याकडं द्या, मग खऱ्या नमुन्यात तो दाखवा. नोंदणीची मुदत मार्चअखेर संपत होती. आठ वर्षं एका आकड्यावर आली.

पप्पांनी रेणू निवडला तो आमच्या गावाकडचा. आमच्या भागात पूर्वी पांढरी पावडर यायची, कापसावर धुरळायची, ज्वारीच्या कणगीत घालायची. तिच्यावर बंदी येऊन जमाना झाला, पण ती सहा क्लोरीनवाली जात मातीत पडून असली की वर्षानुवर्षांनी तिचा एक क्लोरीन गळतो. राहतात पाच. हा पाचवाला त्यांच्या यादीत नव्हता. त्यांनी चार रात्री... नाही, रात्री नाही, पप्पा नऊला झोपतात. चार सकाळी बसून आकडा काढला. अकरा मिनिटं चाळीस सेकंद, पंधरा सेकंद इकडं किंवा तिकडं. पाकीट बंद केलं, वरून सही केली, गाईड सरांमार्फत समितीकडं दिलं.

तो पाचवाला कुठं सापडेल हेही त्यांना माहीत होतं. युसूफ वडगावपासून चार किलोमीटर आत आमची जुनी वस्ती आहे. तिथं आमच्या शेताला लागून सुंदरबाईंचं शेत. सुंदरबाईंच्या सासऱ्याकडं एके काळी त्या पावडरीचं गोडाऊन होतं. बंदी आली तेव्हा उरलेल्या गोण्या त्यांनी विहिरीजवळ खड्डा करून पुरल्या. हे लपून नव्हतं, सुंदरबाईंनीच पप्पांना कधीतरी गप्पांत सांगितलं होतं. विहीर आता फक्त म्हशींना आणि धुण्याला. म्हशी सहा, दूध डेअरीला जातं, घर त्यावर चालतं. सगळं त्यांचा मुलगा म्हाळू बघतो.

जानेवारीत आम्ही दोघं मोटारसायकलवर गेलो. मला पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी गेले ती सुंदरबाईंच्या बोलण्यासाठी. त्या म्हशीशी आणि पाहुण्याशी एकाच दमात बोलतात, मधे श्वाससुद्धा घेत नाहीत. "बसा सर, ए गौरे सरक तिकडं, बसा की, लई दिसानं वाट चुकले, आगं पाय काढ बादलीतला, चहा टाकते." यातलं कोणतं आपल्याला आणि कोणतं गौरीला, हे आपलं आपण समजून घ्यायचं.

पप्पांनी पिशवीतून तपकिरी काचेच्या दोन बाटल्या काढल्या. आणि इथं ते खोटं बोलले. आयुष्यात त्यांना खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. म्हणाले, वहिनी, कॉलेजच्या पोरांना गावाकडचं चांगलं पाणी कसं असतं ते दाखवायचंय, विहिरीचं द्या थोडं. दुसऱ्याच्या दारात बसून, त्यांचाच चहा पीत, तुमच्या विहिरीत विष आहे का ते बघायचंय असं म्हणायला त्यांची जीभ उचलली नाही. सुंदरबाईंनी बाटल्या हातातून काढूनच घेतल्या. सर, तुम्ही बसा, पाहुण्यानं कुठं पाणी शेंदायचं असतं का.

मी हात धुवायला म्हणून मागं गेले. सुंदरबाई विहिरीवर गेल्याच नव्हत्या. स्वयंपाकघरात ओट्यावर वडगावहून आणलेला पाण्याचा निळा जार होता, पिण्याचा. त्याची तोटी उघडून त्या बाटल्या भरत होत्या. मला बघून जरा लाजल्या.

"आगं बाई, विहिरीच्या पान्याला औषिदाचा वास येतो. म्हशीला चालतंय. कॉलेजात चार मानसं बगतील, म्हंतील सुंदरबाईच्या घरचं पानी असलं. कावून द्यावं मी? इज्जत हाय का न्हाई आमची?"

मला हे इतकं आवडलं की मी ते ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिलं. 'कावून'वर, म्हणजे 'कशाला'वर, त्या भुवई कशी उचलतात, 'हाय का न्हाई'ला मान कशी हलते. पुढच्या खोलीत येऊन मी पप्पांच्या शेजारी बसले, बाटल्या पिशवीत ठेवताना बघितल्या आणि काहीही बोलले नाही. मला कळलं नव्हतं असं मी आईला नंतर सांगितलं. कळलं होतं. जारचं पाणी म्हणजे विहिरीचं नव्हे हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही. मला फक्त ते बोलणं घरी घेऊन जायचं होतं, आणि मधेच बोलले असते तर ते मोडलं असतं.

पप्पांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते पाणी हेक्झेन नावाच्या द्रावकाबरोबर हलवून हलवून, आटवून, शेवटी करंगळीएवढ्या कुपीत आणलं. मशीनची तारीख मिळाली ती फेब्रुवारीअखेरची, तेव्हा कुपी खिशात घालून एसटीनं छत्रपती संभाजीनगरला गेले. तिथल्या प्रयोगशाळेत तेजश्री मॅडम म्हणून आहेत, मशीन त्यांच्या ताब्यात. त्या फार कमी बोलतात. पप्पा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले ते हातात एक कागद घेऊन. कागदावर एक सरळ रेघ होती. अकरा मिनिटं चाळीसला काही नाही. बाराला नाही, दहाला नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या, "सर, यात काहीच नाही."

त्यानंतरचे बारा दिवस मला नीट आठवतात, कारण पप्पांनी कशालाच बरोबर का चूक विचारलं नाही. आकडा चुकला असता तर रेघेवरचं शिखर, म्हणजे पदार्थ बाहेर पडल्याची खूण, दुसऱ्या मिनिटाला दिसलं असतं. इथं शिखरच नव्हतं. त्यांना वाटलं, मातीनं सगळं पचवून टाकलं, आपण विहीरच चुकीची धरली, आठ वर्षं एका ऐकीव गोष्टीवर लावली. दुसरी विहीर शोधायला, परत मशीनची तारीख मिळायला वेळ नव्हता. त्यांनी नोंदणी मागं घेण्याचा अर्ज लिहायला घेतला. आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, नंदे, त्यांना जरा हसव गं.

रविवार होता. पोहे झाले होते. पप्पा आतल्या खोलीत अर्ज लिहीत होते, दार उघडं होतं. मी आईसमोर ओढणी डोक्यावर घेतली, कंबर वाकवली आणि सुंदरबाई केल्या. ए गौरे सरक, बसा सर, चहा टाकते. आई हसायला लागली. मग मी माझा राखून ठेवलेला भाग काढला. विहिरीच्या पान्याला औषिदाचा वास येतो. चार मानसं बगतील. कावून द्यावं मी?

पप्पा पेन हातात घेऊन दारात आले.

"परत म्हण."

मला वाटलं, त्यांना आवडलं. मी परत केलं, जरा जास्तच भुवई उचलून. या वेळी आईसुद्धा हसली नाही.

"हे ती कधी म्हणाली?"

"तेव्हाच. बाटल्या भरताना."

"म्हणजे जारचं पाणी होतं. आणि तुला माहीत होतं."

मी ओढणी काढून हातात गोळा केली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी चांगलं पाणी मागितलं, तिनं चांगलं पाणी दिलं." मला वाचवायला म्हणाले की खरंच तसं वाटत होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्याच दुपारी आम्ही परत वस्तीवर. या वेळी पप्पांनी परीक्षेचं सांगितलं, आकड्याचं सांगितलं, आणि विहिरीचंच पाहिजे, वास येत असला तरी, असं सांगितलं. सुंदरबाई जारची गोष्ट फुटली म्हणून माझ्याकडं एकदा बघून पदर सावरत राहिल्या. मला तिथं बसवेना. असल्या पान्यावर काय परीक्षा देतेत, असं पुटपुटत त्यांनी पोहरा दिला. पप्पांनी स्वतः शेंदलं, स्वतः बाटल्या भरल्या. पण त्या पाण्यात काय असण्याची शक्यता आहे ते याही वेळी सांगितलं नाही. आधी कळू दे तर खरं, असं मला वाटेत म्हणाले. मी हो म्हणाले.

तेजश्री मॅडमनी दुसऱ्यांच्या नमुन्यांमध्ये त्यांचा एक घुसवला. त्या दिवशी पप्पा परत आले तेव्हा जिना चढण्याच्या आवाजावरूनच कळलं. कागदावर एक उंच, अणकुचीदार शिखर होतं, वर लिहिलेलं: अकरा मिनिटं सेहेचाळीस सेकंद. मशीनच्या मागं वजन ओळखणारी दुसरी यंत्रणा असते, तिनं पाच क्लोरीन मोजून दिले. मागं ते सहावाले भाऊही ओळीनं उभे होते, आपापल्या मिनिटाला. आईनं कागद देवापुढं ठेवला. पप्पांनी तो दोनदा उचलून परत बघितला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सहा सेकंद, नंदे. फक्त सहा सेकंदांचा फरक."

जेवताना त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, मॅडमनी निघताना विचारलं, सर, हे पाणी कोणी पीत नाही ना?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, म्हशी."

ही जात पाण्यात फार थांबत नाही, चरबीला चिकटते, दुधातल्या तुपाला चिकटते. हे त्यांच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे. मी ते पान त्यांच्या आवाजात पाठ केलेलं होतं.

गुरुवारी समिती होती. बुधवारी सकाळी पप्पा म्हणाले, आधी वस्तीवर जाऊ. सुंदरबाई अंगणातच होत्या. त्यांनी लांबूनच विचारलं, आलं का सर तुमचं बरोबर? पप्पा म्हणाले, आलं वहिनी. त्या तशाच आत गेल्या आणि वाटीत साखर घेऊन आल्या. पप्पांच्या तळव्यावर ठेवली, माझ्या ठेवली. पप्पांनी मूठ मिटली आणि उभ्यानंच सांगितलं. माझं बरोबर आलं म्हणजे ते तुमच्या विहिरीत आहे. पुरलेल्या गोण्यांचं. भरपूर आहे.

सुंदरबाई वाटी धरून उभ्या राहिल्या.

"म्हंजे तुमी पास झाले आन आमची विहीर नापास."

पप्पांनी साखरेची मूठ मागं घेतली.

"म्हाळू तान्हा होता तवापासून म्हशी हेच पानी पितेत. तुमाला पयल्या दिशी ठाव होतं?"

"शंका होती."

"मग कावून न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली वहिनी. वाटलं, घराची इज्जत जाईल."

"इज्जत माझी हाय. मी बगितलं असतं." त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. "म्हाळूला तुमीच सांगा. मला न्हाई जमायचं."

त्या क्षणी त्यांचा आवाज माझ्या कानात जसाच्या तसा बसला, दम कुठं घेतला तेसुद्धा. मी नको म्हणत होते तरी बसला.

म्हाळू गोठ्यापाशी धार काढून दूध कॅनमध्ये ओतत होता. दोन कॅन भरले होते. डेअरीचा टेम्पो बांधावर येऊन थांबलेला, हॉर्न वाजत होता. पप्पा त्याच्याजवळ गेले. बाजाराचं उदाहरण नाही, रेणू नाही, मिनिटं नाहीत. विहिरीत औषध उतरलंय, म्हशींच्या दुधात ते गेलं असणार, दूध मी तपासून आणतो, तोवर विहिरीचं पाणी म्हशींना दाखवू नको. बोअरचं पाजता येईल का बघ. तालुक्याला आरोग्य खात्याकडं मी स्वतः लिहून देतो. एवढंच.

म्हाळूनं हातातली बादली खाली ठेवली. "आन आजचं घालू का नको?"

पप्पांनी दोन्ही कॅनकडं बघितलं. तपासलेलं नव्हतं. नसेलही काही. बाजूला गौरी शेपटी हलवत उभी होती आणि टेम्पोवाला परत हॉर्न देत होता. मला वाटलं, ते आता म्हणतील की आजचं घाल, उद्यापासून बघू. त्यांनी तसं म्हणावं असं मला हवं होतं.

"घालू नको," पप्पा म्हणाले.

"आन उद्याचं?"

"उद्याचंही नको."

म्हाळू बांधापर्यंत गेला आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, आज दूध न्हाई. टेम्पोवाल्यानं त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं. गोठ्यासमोर काठोकाठ भरलेले दोन कॅन होते आणि त्यांच्यामधे मूठ मिटून पप्पा उभे होते.